उस्मानभाईचा हॅमबर्गर आणि चमचाभर चरबी

उस्मानभाईच्या टपरीवर येऊन कुणी "एक खिमापाव द्या" म्हणालं, की त्याला पाणीसुद्धा मिळायचं नाही. उस्मानभाई उलथणं खाली ठेवायचा, फडक्याला हात पुसायचा आणि बाजाराकडं बोट दाखवायचा. "खिमापाव तिकडं. इथं हॅमबर्गर मिळतो." माणूस वरमून "बरं, तोच द्या" म्हणाला तरी भागायचं नाही. "कोणता तोच? नाव घ्या." नाव घेतल्यावर मग तवा तापायचा.

लोणावळ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची टपरी होती आणि तिला खेटून माझं मटणाचं दुकान. मी खाटीक. दुसरी इयत्ता पुरी केली नाही, पण बोकडाच्या अंगावर हात फिरवून आत काय आहे ते सांगतो, आजही. उस्मानभाई माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठा. जहाजावर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. जर्मनची लढाई संपल्यावर बरीच वर्षं दर्यावर काढून तो आपल्या गावी परत आला. अंगात कायम पांढरा सदरा. खिमा करताना, तळताना, कधीही त्यावर डाग पडला नाही. खिशात कंगवा. मोटार थांबली की आधी केसांवरून कंगवा फिरायचा, मग चुलीवर तवा चढायचा. मी म्हणायचो, "उस्मानभाई, लगीन लावायला आलीत का ती माणसं?" तो म्हणायचा, "खाणाऱ्याची पहिली नजर बनवणाऱ्यावर जाते, म्हादू. तुझ्याकडं बघून माणसं डाळ खायला लागतात."

गिऱ्हाईक नसलं की तो देशोदेशीचे हॅमबर्गर सांगायचा. सांगताना हातानं हवेत तव्यावरचं उलटायचा. "जर्मनीत हॅम्बुर्ग म्हणून बंदर आहे. सगळ्या जगानं त्या गावाचं नाव घेतलं आणि त्या गावाला पत्ताच नाही! तिथं मी खाल्लं तर बशीत. पावाचा चुरा, अंडं, कांदा मटणात कालवतात आणि काट्यानं खातात. मी विचारलं, पाव कुठाय? तर म्हणतात, आत घातलाय की." मग अमेरिका. तिथं धक्क्यावर लोखंडी पत्रा तापवून त्यावर मटणाचा गोळा टाकतात, कांद्याचे काप ठेवतात आणि दाबतात. बाहेरून कुरकुरीत, पाव कापसासारखा, वर आंबवलेली काकडी. "चांगला असतो. खोटं कशाला बोलू? पण दाबतात फार. दाबलं की रस तव्याला, माणसाला काय?" ऑस्ट्रेलियात बीट घालतात, वर तळलेलं अंडं. "पहिला घास घेतला आणि सदऱ्यावर लाल धार. दोन दिवस जहाजावर कुणाला तोंड दाखववेना." जपानात पावच नाही, रस्सा आणि भात. आणि विलायतेत? तिथं तोंड वाकडं करायचा. "विलायतेतला हॅमबर्गर खाल्ला की कळतं, ही माणसं घर सोडून सगळ्या जगात का हिंडली."

त्या सगळ्या देशांत मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं मटण. इथं त्यानं बोकडाशिवाय काही तव्यावर आणलं नाही. इथल्या गिऱ्हाइकाला चालणार नाही ते टपरीत येणार नाही, हा त्याचा शब्द होता आणि त्या शब्दावर बामणाची पोरंसुद्धा मोटारीत बसून गुपचूप खाऊन जायची. पण बोकड कोरडा. म्हणून माझ्याकडून तो खांद्याचं आणि मानेचं मटण घ्यायचा आणि गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी मागून घ्यायचा. मशीनचा खिमा त्याला चालायचा नाही. दोन सुरे घेऊन स्वतः बसायचा. "मशीन मटणाचा चिखल करतं. दाताला काहीतरी लागलं पाहिजे." मीठ अगदी शेवटी, तव्यावर टाकायच्या आधी. पाव आतल्या अंगानं भाजायचा, बाहेरून नाही. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे चिमूटभर खिमा तळून जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. रोजचा बोकड वेगळा, चारा वेगळा, कांदा वेगळा, म्हणून रोजचं मीठ वेगळं. "हात विसरतो. जीभ विसरत नाही," म्हणायचा.

बांधून न्यायला तो देत नसे. मुंबईची एक बाई म्हणाली, घरी जाऊन खाईन. उस्मानभाई म्हणाला, "घरी जाईपर्यंत त्याची चप्पल होते, बाईसाहेब. पायात घालणार असाल तर बांधतो." ती चिडून गेली. पुढच्या खेपेला आली तेव्हा उभ्यानं दोन खाल्ले.

त्याला कोळसा आणून द्यायची हौसाबाई. कुरवंडे गावाच्या पलीकडं डोंगराच्या कडेला तिची वाडी. ती आणि तिची धाकटी जाऊ पाटीत कोळसा घेऊन उतरायच्या. जाऊ बाजारात जायची, हौसाबाई टपरीत टेकायची. नवरा गेलेला. एकच पोरगा, बबन. तो लहान असताना तापानं मरायला टेकला होता, तेव्हा हिनं विठोबाला सांगितलं, पोरगा उठून बसला तर जन्मभर वशाट, म्हणजे मासमटण, तोंडात घालणार नाही. पोरगा उठला. आणि ही बाई अशी की जिला खेकड्याचा रस्सा म्हणजे जीव की प्राण! पण नेम म्हणजे नेम. टपरीत यायची आणि मुद्दाम वाऱ्याच्या तोंडाला बसायची, धूर अंगावर येईल अशी.

मी म्हणायचो, "मावशे, वास घेतलेला चालतुय व्हय तुज्या इठोबाला?"

"नाक कुटं सोडलंय मी? त्वांड सोडलंय," ती म्हणायची. "घेऊ दे रं वाईच."

तिच्यासाठी उस्मानभाईनं दुसरा तवा ठेवला होता, वेगळ्या खिळ्याला. उलथणं वेगळं, तेल वेगळं. सुरण भाजून, कुस्करून, कांदा-मिरची घालून त्याची टिक्की करायचा आणि तशीच पावात घालून द्यायचा. ती खायची आणि दर खेपेला तेच म्हणायची. "भाऊ, तुजं मन लय मोटं, पर ह्ये लय सुकं लागतं बग. तोंडात भुसा कोंबल्यावानी."

दुसरा कुणी असता तर हसला असता. उस्मानभाईला ते लागायचं. सात दर्यांवर ज्याच्या हातचं खाऊन कप्तान खूश झाले, त्याच्या हातचा घास एका कोळसेवालीला भुसा लागतो! त्यानं लोणी घालून पाहिलं, खोबरं घातलं, कच्चा फणस शिजवून पाहिला. हौसाबाई खायची आणि म्हणायची, "बरं हाय." त्या 'बरं'नं तो दिवसभर धुसफुसायचा.

आणि एक दिवस तिनं पहिला घास घेतला आणि हातातली चुंबळ गळून खाली पडली. "आता गं बया! भाऊ, आज काय क्येलंस रं? आज झालाय बग! आरं, ह्योच की त्यो!" सगळा संपवला, बोटं चाटली आणि पाटी उचलून चढणीला लागली.

ती गेल्यावर उस्मानभाई माझ्या फळीपाशी आला. केसांवरून कंगवा फिरवला. "एक चमचा," म्हणाला. "गुर्द्याची चरबी, वितळवून. फक्त एक चमचा. पाहिलंस तिचं तोंड?"

मी हसलो. मग तोही हसला.

आता कुणी म्हणेल, हसलास कशाला? अहो, चमचाभर चरबी. मी खाटीक आहे, माझ्या हाताला चोवीस तास चरबी. मला त्यात काय वाटणार?

पुढच्याच आठवड्यात बबनचा पाय गेला. बबन तेव्हा मोठा झाला होता, लॉरीवर किलिंडर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखाली होता. भरलेली लॉरी घाट चढताना दमली, की किलिंडरनं उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा असतो. नाहीतर गाडी मागं येते. बबननं हजारदा लावला असेल. त्या दिवशी दगड निसटला आणि चाक पायावरून आलं. पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापला.

हौसाबाई महिन्याभरानं कोळसा घेऊन आली. आली ती बसली आणि बोलायलाच लागली. आमच्याशी नाही, स्वतःशीच. "माज्या नेमाला कुटंतरी चीर पडली. त्याबिगर द्येव आसं करायचा न्हाई. कुटं पडली, त्येवडं मला घावंना." मग एकेक आठवायची. कुणाच्या घरी पाणी प्यालं होतं, त्या हंड्याला मासळीचा हात होता का? बारशाला गेलती, तिथलं कालवण कसलं होतं? दर खेपेला नवीन संशय. आणि एक दिवस आली ती एकटीच. संशय जावेवर जाऊन ठेपला होता. "तिनंच मला डाळीत सुकट घातली. मी दमून आलती, अंधारात जेवली. आता तिच्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई मी." दोघींची चूल शेजारी शेजारी, एकमेकींची लेकरं वाढवलेली. जाऊ बिचारी शपथा घेऊन थकली. वाडीतही बोभाटा झाला की हिनं जावेचा नेम बाटवला, पोराचा पाय घालवला.

उस्मानभाई हे सगळं ऐकत तवा घासत बसायचा. घासून घासून तवा आरशासारखा झाला, तरी घासायचा. एक दिवस गिऱ्हाईक उभं असताना त्यानं चूल विझवली आणि माझ्याकडं आला. "म्हादू, मी तिला सांगतो."

"काय सांगताय?" मी म्हणालो. "येडं लागलंय व्हय? दगड निसाटला म्हून पाय ग्येला. तुमच्या चमच्यानं निसाटला का? गप ऱ्हावा. सांगून काय त्याचा पाय परत येनार हाय?"

"पाय नाही येणार," उस्मानभाई म्हणाला. "जाऊ येईल."

मला ते पटलं नाही. माझं मत आजही तेच आहे. चरबीनं पाय जात नाही. पण तो त्याबद्दल बोलतच नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

हौसाबाई आली तेव्हा त्यानं तिला पाणी दिलं आणि तिच्यासमोर उभा राहिला. बसला नाही. "हौसाबाई, तुझ्या जावेनं काही केलं नाही. माझ्या हातून झालंय. त्या दिवशी तुला आवडला ना, त्यात मी चरबी घातली होती."

तिला आधी समजलंच नाही. "कसली चरबी?"

"बोकडाची."

"चुकून पडली आसंल."

"नाही. मुद्दाम. तू भुसा म्हणायचीस, म्हणून."

 रस्त्यावर एक मोटार थांबली, हॉर्न दिला, निघून गेली. मला वाटलं, आता ही पाटी डोक्यात घालते. तिनं पाण्याचा तांब्या न पिता तसाच खाली ठेवला, पदर खोचला आणि कोळसा तिथंच टाकून निघाली. संध्याकाळी वाडीचा एक जण बाजारात सांगत होता, हौसा सरळ जावेच्या दारात गेली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.

बरेच दिवस कोळसा आला नाही. उस्मानभाई लाकडं जाळायचा, धुरानं डोळे लाल. मग एक दिवस दोघी जावा पाट्या घेऊन उतरल्या. हौसाबाई आपल्या जागेवर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, मी माळकऱ्याला इचारून आली. द्येवाच्या पुढ्यात नाक घासलं. नेम माजा हुता, पर मोडला तुज्या हातानं. आमच्यात आसं हाय, ज्याच्या हातानं मोडला त्येनं उचलायचा. आता तू सोड."

"काय सोडू?"

"वशाट."

मी पलीकडून ओरडलो, "मावशे, त्यो मुसलमान हाय! त्यो कसा पाळनार तुज्या इठोबाचा नेम?"

"द्येवाला काय, त्वांड कुनाचं का आसंना," ती म्हणाली. "बंद ऱ्हायलं म्हंजी झालं."

उस्मानभाईनं विचारलं, "केव्हापर्यंत?"

"मी सांगंन तवर."

"कबूल," तो म्हणाला. मिठाचा भाव ठरवावा तसं.

घरी गेल्यावर त्याची काय दशा झाली असेल, ते अल्लालाच ठाऊक. बकरी ईदेला त्याचा भाऊ माझ्या दुकानात येऊन माझ्यावरच घसरला. "तुम्ही लोकांनी काय डोक्यात भरवलंय त्याच्या? कुर्बानीचं वाटून आला आणि घरात डाळभात खाऊन बसला!" उस्मानभाईला विचारलं तर म्हणाला, "शब्द दिलाय. शब्दाला कुठं धर्म असतो?" घरच्यांनी, जमातीच्या म्हाताऱ्यांनी सगळ्यांनी समजावलं. हा माणूस खिमापाव म्हणणाऱ्याला पाणी न देणारा, तो शब्द सोडतोय थोडाच!

पण त्यानं सकाळची ती चिमूटही सोडली. मी म्हणालो, "जिभंवर ठिवून थुका की. गिळल्याबिगर कसला नेम मोडतुय?" तर म्हणाला, "मागं एकदा असाच हिशेब केला होता मी. एका चमच्यानं काय होतंय म्हणून."

बबनला त्यानं टपरीवर घेतलं. बबन कुबडी टेकून फळीपाशी बसायचा, पाव भाजायचा आणि चिमूट चाखायचा. उस्मानभाई विचारायचा, "मीठ?" बबन म्हणायचा, "बराबर हाय चाचा." रोज. कधी कमी नाही, कधी जास्ती नाही. पोरगं वाईट नव्हतं. ज्या माणसानं त्याला कामाला बसवलं, त्याच्या आईपुढं खाली मान घातली, त्याला तो कसा म्हणणार, की आज बिघडलंय?

वर्ष-दोन वर्षं जुना हात चालला. नंतर हात बहकायला लागला. कधी खारट, कधी अळणी. खिमा घट्ट व्हायला लागला, कारण त्याचा सैलपणा तो जिभेनंच ओळखायचा. ओळखीच्या मोटारी आधी थांबायच्या आणि अर्धा खाऊन ठेवायच्या. मग थांबेनाशा झाल्या. उस्मानभाई पावाला दोष द्यायचा, बेकरीवाल्याशी भांडायचा. मग एक दिवस माझ्याकडं आला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "म्हादू, तुझे बोकड पहिल्यासारखे राहिले नाहीत. काय म्हातारे कापतोस काय?"

माझ्या बोकडाला! माझ्या बापाला कुणी असं बोललं नव्हतं. त्याच दुपारी मी बबनकडून एक हॅमबर्गर मागून घेतला आणि आत जाऊन खाल्ला. मिठाचा खडा. वर दगडासारखा घट्ट. मी तो कुत्र्याला घातला आणि गप्प बसलो. मनात म्हटलं, बोकडाला नावं ठेवतोस काय, घे मग. त्यानं मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. खोटं मी बोललो नाही. एवढं मात्र खरं, की मटण तोलून देताना त्याच्या तोंडाकडं बघायचं मी टाळायचो. का टाळायचो, ते मला विचारू नका.

अशी बरीच वर्षं गेली. त्याची दाढी पांढरी झाली, टपरीचा पत्रा गंजला. सदरा तेवढा तसाच पांढरा. दिवसाला चार-पाच गिऱ्हाइकं, तीही नवखी.

मग एक दिवस हौसाबाई आली. आता तिच्यानं पाटी होत नव्हती, जावेच्या खांद्यावर हात टाकून आली. हातात शेव-चुरमुऱ्याची पुडी. बबनचं लग्न ठरलं होतं. पायानं अधू पोरगा, त्याला मुलगी कोण देणार म्हणून ती झुरत होती. आता जावेनंच माहेरची मुलगी आणली होती. ती उस्मानभाईला म्हणाली, "भाऊ, पुरं झालं आता. द्येव पावला. माजा नेम आता माज्यापाशी माघारी दे. तू खा. आज माज्या म्होरं खा."

उस्मानभाई उठला. त्यानं हात धुतले, केस विंचरले. त्या दिवशी मी त्याला खांद्याचं चांगलं मटण दिलं होतं, कोवळ्या बोकडाचं. त्यानं तवा तापवला, गोळा टाकला, दाबला नाही. रस चुरचुरला. पाव भाजला. आम्ही सगळे बघत होतो, बबन कुबडीवर, दोघी जावा फळीवर, मी माझ्या दुकानातून. इतक्या वर्षांनी त्यानं आपल्या हातचा घास तोंडात घातला.

चावला. थांबला. परत चावला, हळू. पाव उघडून आत पाहिलं. मग त्यानं बबनकडं पाहिलं. बबन खाली बघायला लागला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी ओंडक्यावर हाड ठेवून सुरा चालवायला लागलो. तोडण्यासारखं हाड नव्हतंच ते.

हौसाबाईनं विचारलं, "काय झालं रं भाऊ? ग्वाड न्हाई लागला?"

"झकास आहे," उस्मानभाई म्हणाला. "तुझ्या नेमानं चव वाढवली, हौसाबाई." आणि त्यानं तो सगळा खाल्ला. एकेक घास, तिच्याकडं बघून हसत. ती पदरानं डोळे पुसत हसली, सगळ्यांच्या हातावर चुरमुरे ठेवले आणि जावेला धरून गेली. बबन त्यांना थोडं पुढं पोचवायला गेला.

मग उस्मानभाई उरलेल्या खिम्याचं भांडं घेऊन माझ्या दुकानात आला. मी सुरा खाली ठेवला नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी उत्तरंही तयार करून ठेवली होती, तुम्ही कुठं विचारलंत, मी कुठं खोटं बोललो, माझ्या बोकडाला नावं कुणी ठेवली. सगळी तोंडात आली होती.

त्यानं भांडं माझ्या ओंडक्यावर ठेवलं. बोटानं थोडा खिमा उचलून उजेडात धरला, बघितला.

"बोकड चांगला होता तुझा," म्हणाला. "उगाच बोललो मी."

एवढंच म्हणून तो टपरीकडं परत गेला. चूल विझवायला वाकला. तेवढ्यात पुण्याकडून एक मोटार येऊन थांबली. आतल्या माणसानं काच खाली करून, अगदी नाव घेऊन, हॅमबर्गर मागितला. उस्मानभाई रस्त्यापर्यंत चालत गेला, खिडकीपाशी वाकला, त्या माणसाला काहीतरी सांगितलं आणि बाजाराकडं बोट दाखवलं. मला ऐकू आलं नाही. मोटार निघून गेली. तो मात्र तिथंच रस्त्याच्या कडेला उभा राहिला, पांढऱ्या सदऱ्यात, टपरीकडं पाठ करून.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.